बोगद्याचा वैताग

उस्मानपुऱ्याहून हर्सूलला जाणाऱ्या सिटी बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. साठीचा, रापलेला माणूस. कंडक्टरनं काही विचारलं की तो कानामागं हात धरायचा.

मी शेजारी बसलेल्या मेहुण्याला नुकत्याच केलेल्या कोकण रेल्वेच्या प्रवासाबद्दल सांगत होतो. बसच्या खडखडाटात आवाज चढवावाच लागत होता. "बाकी सगळं छान, पण बोगदे फार. जरा कुठं दरी दिसली की अंधार. वैताग येतो."

तो माणूस पूर्ण मागं वळला.

"किती टाइम लागला बोगद्याला?"

"दोनेक मिनिटं," मी म्हणालो.

"आमाला तीन वर्षं लागली." सीटचा दांडा त्यानं घट्ट धरला. "दगडात सुरुंग लावायचो. त्यात कान गेले, जाऊ द्या. पण एका बोगद्यात नुसती माती होती. दिसभर खणायचं आन् सकाळी बघावं तर चिखल परत आत आलेला. माझा सख्खा भाऊ त्या चिखलात गेला. आन् तुमाला वैताग येतो व्हय?"

माझा मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणालो.

"ते मला नका सांगू," तो म्हणाला. "परत गेलात तर बोगद्यात गप बसा. तिथं माणूस हाय आमचा."

मग तो पाठ करून बसला. हर्सूल येईपर्यंत त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.