दोघा साडूंच्या गाडीचं तेल

गाडी दोघांत मिळून घेऊ नये. साडूबरोबर तर नाहीच. हे आज कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन, पण तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन त्यांना रिक्षात चढता येईना, तेव्हा दोन्ही बहिणींनी मिळून ठरवून टाकलं. एक जुनी पेट्रोल गाडी, पैसे निम्मे निम्मे, नाव साडूचं. सीटची उंची अशी की सासूबाई दार उघडून सरळ मागे टेकतात आणि मग पाय आत घेतात. दुसऱ्या कुठल्याच गाडीत त्यांना हे जमलं नाही. म्हणून ती गाडी.

आम्ही थेरगावात राहतो, सासूबाई आमच्याकडे असतात. साडू चिखलीला. शनिवारी संध्याकाळी तो सासूबाईंना आणि गाडी घेऊन जायचा, रविवारी संध्याकाळी दोन्ही परत आणून सोडायचा. बाकीचे दिवस गाडी माझ्याकडे. व्यवस्था चांगली होती. माणूस चांगला नव्हता, असं माझं मत तेव्हाही होतं.

इंजिन जुनं असल्यामुळे थोडं तेल खायचंच. त्याला माझी हरकत नव्हती. एका रविवारी गाडी आली ती तेल मोजायच्या दांडीवर पातळी खालच्या खुणेला टेकलेली. मी साडूला म्हणालो, "गाडी परत देताना जरा बघून देत जा."

तो चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याला हे झोंबलं. "दाजी, आमच्याकडे मशीन पुढच्या शिफ्टच्या ताब्यात देताना तेल फुल करूनच देतात. मला शिकवू नका."

"मग तसं करा," मी म्हणालो. त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ बंद झालं. किल्ली सासूबाईंच्या हातून यायची आणि जायची.

पुढच्या काही महिन्यांत गाडी निळा धूर सोडायला लागली. सकाळी पार्किंगमधून बाहेर काढली की मागे ढग. खालच्या मजल्यावरचा एक जण नाकाला रुमाल लावून म्हणाला, "राव, महापालिकेची डासांची गाडी तुम्हीच चालवायला घेतली का?" मला हसू आलं नाही. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. नोंदणीच्या नूतनीकरणाला न्यायची तर तपासणीत असा धूर चालणार नव्हता. तिथे नापास म्हणजे भंगार. दुसरी गाडी घेण्याची आमची दोघांचीही ऐपत नव्हती, आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागत होतं.

मी कंपनीत स्टोअर बघतो. वस्तू किती आली, किती गेली आणि मधली कुठे गेली, हेच माझं काम. दर शनिवारी सकाळी मी दांडी काढून पातळी बघायचो आणि वरच्या खुणेपर्यंत तेल भरायचो, म्हणजे साडूला बोलायला जागा नको. प्रत्येक वेळी पातळी उतरलेली असायची. धुराकडेही माझं लक्ष होतं. सोमवारी धूर सगळ्यांत जास्त, बुधवारी कमी, शुक्रवारी जेमतेम. पुन्हा सोमवारी जास्त. हे आठवड्यामागून आठवडे तसंच. याचा अर्थ सरळ होता. रविवारी साडू गाडी बडवतो आणि त्याची फळं मी आठवडाभर बघतो.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या साहेब. इंजिन उतरवावं लागेल."

"आधी कॉम्प्रेशन मोजा," मी म्हणालो.

"मोजून काय करणार? धूर डोळ्यांना दिसतोय ना."

"मला आकडा दिसू द्या."

त्याने कुरकुरत मोजलं. चारही सिलिंडरमधल्या दाबाचे आकडे जवळजवळ सारखे आले आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेतही बसले. रिंगा झिजल्या असत्या तर तसे आले नसते. मी पुस्तकाचं पान त्याच्यासमोर धरलं. त्याने ते वाचलं नाही. "मग व्हॉल्व्हचे सील," तो म्हणाला.

"मघाशी रिंगा होत्या."

"तुम्हीच करा मग रिपेअर," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

घरी येऊन मी साडूला फोन लावला. गाडी कशी चालवता, घाटात नेता का, पहिल्या गिअरमध्ये किती ओढता, असं सगळं विचारलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही स्वस्तातलं तेल आणत असणार. त्याचा धूर आहे तो." मी म्हणालो, कंपनीने सांगितलंय त्याच ग्रेडचं तेल असतं. तो म्हणाला, डब्यावर काय, काहीही लिहितात. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, आता फोन ठेवा. ठेवला. पण तपासणीला फार दिवस उरले नव्हते, आणि इंजिन उघडायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

सासूबाई पलंगावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या लातूरकडच्या. आवाज बारीक, पण बोलणं बारीक नाही.

"तुमी शनवारी तेल वतता ना?" त्यांनी विचारलं.

"हो. उतरलेलं असतं, म्हणून."

"त्यो बी वततो की. ऐतवारी. हितं खाली आल्यावर गाडी बंद करतो, मला म्हणतो बसा जरा, अन् लगेच दांडी बघून, टोपण काढून वततो. मग मला उतरवतो."

"दर रविवारी?"

"दर ऐतवारी. डबाच असतो त्याच्या पिशवीत."

"मग तुम्ही आजवर बोलला नाहीत?"

"मला कुणी इचारलं? तुमी दोघं एकमेकाला इचारंना, मी कशाला सांगू."

मी रागावलो, पण त्यांच्यावर नाही. पुढच्या सोमवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चालू करण्याआधी, मी दांडी काढून पुसली, पुन्हा घातली आणि काढली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. सोमवारी मी दांडी कधी बघितलीच नव्हती. बघायचं कारण नव्हतं, शनिवारी मीच तेल भरलेलं असायचं.

सगळा हिशेब मग एका जागी बसला. मी शनिवारी वरपर्यंत भरायचो. साडू गाडी बंद केल्या केल्या दांडी काढायचा. तेव्हा बरंच तेल इंजिनच्या वरच्या भागात असतं, खाली उतरायला वेळ लागतो, म्हणून दांडीवर कमी दिसायचं. मग तो त्याच्या कंपनीच्या शिस्तीने फुल करायचा. रात्रीतून वरचं तेल खाली यायचं. जास्तीचं तेल घुसळलं जाऊन, इंजिनमधली वाफ बाहेर काढणाऱ्या हवेच्या नळीतून परत सिलिंडरमध्ये जायचं आणि जळायचं. शुक्रवारपर्यंत ते जळून संपलं की मी पुन्हा भरायला हजर. इंजिन तेल खात होतं ते बरंचसं आम्ही दोघं त्याला कोंबत होतो म्हणून. बोलत असतो तर एका रविवारी कळलं असतं.

मी खालचा नट सोडून जास्तीचं तेल काढलं आणि पातळी दोन खुणांच्या मधोमध आणली. हवेची नळी काढली तर आतून काळा चिकट गाळ. ती साफ केली, तिच्या तोंडाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह अडकलेला होता, तो नवा बसवला. त्या एका कामासाठी दुसऱ्या गॅरेजला गेलो, पहिल्याकडे नाही.

मग साडूला सांगणं आलं. फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी तेल घालून गाडी बिघडवली?"

"गरम इंजिनची दांडी बघून घातलंत, म्हणून."

"आणि दाजी, तुम्ही शनिवारी घालत होता ते काय गंगाजल होतं?"

"मी थंड बघून घालत होतो."

"थंड बघून, पण जास्तच. तुम्ही काठोकाठ भरून द्यायचा, मला दाखवायला. मधोमध ठेवलं असतं तर माझं चाललं असतं."

यात तथ्य होतं. मी त्याला तसं म्हणालो नाही. इतकंच म्हणालो, की यापुढे तेल एकच माणूस बघेल, सपाट जागेवर, सकाळी, गाडी चालू करण्याआधी. खालच्या खुणेजवळ आलं तरच घालायचं आणि मधोमध थांबायचं.

"तो एक माणूस तुम्ही," तो म्हणाला.

"गाडी जास्त दिवस माझ्याकडे असते."

"करा राव. आमची शिस्त तुम्हाला जड गेली."

आधीच आत शिरलेलं तेल जळून जाईपर्यंत धूर थोडा राहिला, मग विरळ झाला, मग सोमवार आणि शुक्रवारात फरक दिसेना. पातळी आता इतकी हळू उतरत होती की मला आठवड्याला फरक मोजता येईना, म्हणून मी महिन्याने बघायला लागलो. थोडं तेल जातं अजून. जुन्या इंजिनचं तेवढं जाणारच.

तपासणीला साडूला यावंच लागलं, नाव त्याचं होतं. जाताना दोघं एका गाडीत बसलो, बऱ्याच महिन्यांनी. तो बाहेर बघत होता. तपासणाऱ्याने गाडी चालू ठेवायला लावली, ॲक्सिलरेटर दाबायला लावला आणि मागे जाऊन उभा राहिला. मी आरशात बघत होतो. मागे फक्त तो माणूस दिसत होता, त्याच्या पँटची घडीसुद्धा. तो पुढे आला, सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. पाच वर्षं मिळाली.

परतताना साडू म्हणाला, "मला डांगे चौकात सोडा."

"वर या. सासूबाई वाट बघतायत. चहा घ्या."

"शनिवारी भेटतोच की त्यांना."

चौकात तो उतरला. मी काच खाली केली. "शनिवारी किती वाजता येताय?"

"सहाला."

"या. तेलाला हात लावू नका."

"किल्ली खाली ठेवा," तो पाठमोरा चालताना म्हणाला. "वर येत नाही मी."