बार्शीची रद्दी

आज सकाळी वाण्याकडून गूळ आणला. पुडी सोडवताना गुळाच्या किंचित आंबूस वासात छापखान्याच्या शाईचा वास मिसळून आला आणि मी उभ्याउभ्याच तो चिकट कागद वाचू लागलो. एका मंत्र्याची चौकशी, तिच्याशेजारी एका नटीचं लग्न. मंडळी म्हणाली, आधी गूळ डब्यात ठेवा. पण वर्तमानपत्र हातात आलं की मला अजून पहिल्यांदा दाराकडं पाहावंसं वाटतं.

भूमला आमचं किराणा दुकान होतं. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षी हद्दीपलीकडच्या बार्शीच्या वर्तमानपत्रांना आमच्या मुलखात बंदी होती, रद्दीला नव्हती. करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे शिपाई पोत्यात हात घालून माल तपासत, माल कशात गुंडाळलाय ते पाहत नसत. म्हणून तिकडचा व्यापारी हळद, सुपारी ताज्या अंकात बांधून पाठवी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाईक पाहून पुडी बांधत. मास्तरांना दिल्लीच्या वाटाघाटी, न्हाव्याला सिनेमा. बातम्या तुकड्यातुकड्यांनी येत, त्याही मागच्यापुढच्या. मास्तरांच्या हाती एखाद्या भाषणाचं उत्तर आधी पडे आणि मूळ भाषणाची वाट पाहण्यात आठवडा जाई.

मी तेव्हा विशीत होतो, तराजूला बसायचो. आप्पा मोठे कडक. गळ्यात इष्टलिंग, घरात तमाशाचं नाव काढायची चोरी. एका दुपारी ते असाच कागद वाचत असताना अमीनसाहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे फौजदार, पायरी चढून आत आले. कागद लपवायला सवड नव्हती. शेजारच्या गावचा एकजण नुकताच अशाच कागदापायी तुरुंगात गेला होता.

"क्या पढ रै सावकार?"

आप्पांनी कागद सावकाश उलटा केला. मागं एका नटीच्या काडीमोडाचा खटला छापला होता. "या बाईचं," ते म्हणाले. अमीनसाहेबांना मराठी समजे, वाचता येत नसे. ते बाकड्यावर बसले आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आप्पांनी वाचलं: नवऱ्याचे आरोप, कुणाची मोटार, बाईची उत्तरं. आतल्या दाराशी आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. अमीनसाहेब मांडीवर थाप मारून हसले. उठताना म्हणाले, पुढचं आलं की सांगा.

ही सुटका नव्हती. दर बाजारादिवशी ते येऊ लागले. बाईचा खटला चालू आहे तोवर आप्पा बाहेर, असा मी मनाशी हिशेब मांडला. आप्पांनी बार्शीला निरोप धाडला, बाकी काही राहिलं तरी चालेल, त्या बाईची बातमी चुकवू नका. तिकडं व्यापारी बुचकळ्यात पडला असेल. इकडं गाव विचारी, "काय सावकार, सोडलं का तिनं नवऱ्याला?" आप्पा मान खाली घालून सुपारी तोलत. माझी मात्र झोप उडाली होती. उद्या खटला मिटला तर?

भाद्रपदात हद्दीवर दिल्लीच्या फौजा आल्याची कुजबुज सुरू झाली. त्या बाजारी अमीनसाहेब आले ते बसलेच नाहीत. दुकानात आम्ही दोघंच होतो. आप्पांनी बाईचा कागद काढला, तसा त्यांनी हात आडवा केला.

"पलटाओ सावकार. पिछू क्या लिखे, वो पढो."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. वाचावं तर कबुली, न वाचावं तर हुकूम मोडल्यासारखं. त्यांनी चष्मा पुसला आणि बाईचं वाचत त्याच सुरात फौजांचं, दिल्लीच्या इशाऱ्याचं सगळं वाचून दाखवलं. अमीनसाहेबांच्या कपाळावर घाम डवरला होता. "इसमें हमारा क्या होता, लिखे क्या?"

"न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "ते छापलं न्हाय."

अमीनसाहेब पायरी उतरून निघून गेले. कागद तिथंच राहिला. पुढं राज्य गेलं. अमीनसाहेबांचं काय झालं ते कुणाकडून कळलं नाही, आणि ऐकीव गोष्टी मी लिहीत नाही. वर्तमानपत्रं उजळ माथ्यानं गावात येऊ लागली. आप्पा अंक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, घडी घालत आणि मग दाराकडं पाहत बराच वेळ बसून राहत. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा झालो आहे. माझं वाचून लवकर होतं. बसणं मात्र लांबतं.