दादांना ठाऊक नसलेलं एक तरी

परवा नातीच्या शाळेची सहल पाण्याच्या घसरगुंड्यांवर गेली. काय पाहिलंस गं, विचारलं, तर म्हणे मज्जा आली. येऊ दे बाई मज्जा. पण शाळेनं अख्खा दिवस नेलं आणि पोरगी एक प्रश्नसुद्धा घेऊन आली नाही, याचा मला रागच येतो. आमच्या गुरुजींनी हे चालू दिलं नसतं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव जालन्यापासून चार-पाच कोसांवर, सगळी कापसाची रानं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची, मुली आम्ही तिघीच. गुरुजींनी ठरवलं, पोरांना जालन्याचं जिनिंग दाखवायचं, म्हणजे कापसातली सरकी काढतात तो कारखाना. गाव हसलं. कापसात लोळून मोठ्या होणाऱ्या पोरांना कापूस दाखवायला न्यायचं म्हणजे गुरुजींचं डोकं फिरलं, असंच सगळे म्हणाले.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते तर भडकलेच. ऐन वेचणीचे दिवस, त्यात पोरीची जात. गुरुजी समजूत घालायला घरी आले तेव्हा दादांनी ओट्यावर बसून अट घातली. "जाऊ द्या तिला. पण मला ठाऊक न्हाई असं एक तरी येऊन सांगितलं पाहिजे. न्हाई सांगितलं तर शाळा बंद, उद्यापासून वेचणीला." गुरुजी म्हणाले, कबूल. मला असा संताप आला त्यांचा! शाळा सुटणार माझी, आणि हे खुशाल कबूल म्हणून मोकळे.

आदल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. प्रत्येकाला घरून ओंजळभर कापूस आणायला लावला आणि सगळी सकाळ हातानं सरकी काढत बसवलं. बोटं दुखायला लागली, नखं हुळहुळली, तरी ढीग काही सरेना. मग म्हणाले, आता हेच काम तिथं कसं होतं ते नुसतं बघून येऊ नका, विचारून या. केवढा हुशार माणूस! कारखान्याच्या आधी त्यांनी आम्हाला कारखान्याची गरज दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाड्या जुंपल्या. दादा दरसाल कापूस घेऊन जालन्याला जात. बाजार, रेल्वे, शेठ, काटा, सगळं त्यांच्या तोंडपाठ. त्यांना ठाऊक नाही असं मी कुठून आणणार? जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागलेल्या. माप व्हायचं, ढीग ओतायचा, की गाडी माघारी. हे तर दादांना ठाऊकच! मला रडूच फुटलं. गुरुजींनी जवळ घेऊन हळूच सांगितलं, तुझे दादा इथवरच येतात पोरी, आत त्यांना कुणी सोडत नाही. आपल्याला मात्र मी इजाजत काढलीय.

मग काय, मी डोळे फाडफाडून पाहिलं. आत धडधड अशी, की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. तिथल्या मुकादमाच्या भुवयासुद्धा कापसानं पांढऱ्या. त्याच्या कानाशी ओरडून मी विचारलं, सरकी फुटत कशी नाही? त्यानं मशीन थांबल्यावर बोटानं दाखवलं.

संध्याकाळी दादा जेवायला बसले आणि म्हणाले, बोल. मी आईच्या हातातलं लाटणं घेतलं, विळ्याची पाठ त्याला लावून धरली. म्हटलं, अशी चामड्याची लाट, म्हंजे रूळ, फिरते, ती धागा ओढून नेते. हे पातं मधी आडवं, सरकीला जाऊ देत न्हाई. दादांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "परत करून दाखव." मी परत केलं. त्यांनी ताट सरकवलं, लाटणं स्वतःच्या हातात घेतलं आणि कितीतरी वेळ फिरवत बसले. अटीचं नाव काढलं नाही. सकाळी आई मला वेचणीला हाक मारायला लागली, तर म्हणाले, तिला शाळा हाये.

पुढच्या साली गुरुजींनी लहान पोरांना न्यायचं काढलं, त्यांना समजावून सांगायला मलाही घेतलं, तर दादा आपण होऊन गाडी घेऊन उभे. दारावर पहारेकऱ्यानं अडवलं, गाडीवाल्यांनी बाहेर थांबायचं. गुरुजी म्हणाले, हे आमच्या शाळेचेच आहेत, पोरांबरोबर मोजून घ्या. दादांनी पागोटं सारखं केलं आणि पोरांच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

आतल्या धडधडीत ते वाकले, माझ्या कानाशी तोंड आणलं. माझ्या जन्माआधीपासून त्यांचा कापूस तिथं जात होता, आणि ते मला विचारत होते, "हे काय गं?"