गॅसचे तीन नॉब

एप्रिल महिन्यात कॅम्पर, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन स्वीडनच्या पार उत्तरेला जाणाऱ्या माणसाला एकतर वेड लागलेलं असतं, नाहीतर काहीतरी टाळायचं असतं. माझा नवरा दुसऱ्या प्रकारातला, हे मला नायमेखन हे आमचं डच गाव सोडतानाच कळायला हवं होतं.

काय टाळायचं होतं, ते सांगते. आदल्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, पुण्यात माझे आई-बाबा एकदमच आजारी पडले. समोरच्या काकू दाराशी डबा ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि लांब जाऊन उभ्या राहायच्या. आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, इथून ऑनलाइन ऑक्सिमीटर मागवून दिला यातच धन्यता मानत होते. दोघं वाचले. त्यानंतर मी नवऱ्याला सांगितलं, आपण परत जायचं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आधी लसी होऊ देत. मग विमानं नीट सुरू होऊ देत. मग ऑफिसातलं नवं मशिन एकदाचं बाहेर पडू दे. शेवटी म्हणाला, "उत्तरेला जाऊ. तिथे कुणी नसतं. निवांत बोलू."

कुणी नव्हतंच. सीझन सुरू व्हायला अजून महिना होता. कॅम्पिंगच्या जागांना कुलपं, पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून बंद केलेले. एकदा तर रस्त्यावरच आडवा दांडा लावलेला होता, पुढे कमरेएवढा बर्फ. चाळीस किलोमीटर उलटं यावं लागलं. तळी गोठून पांढरी, मध्ये झाडं, मग पुन्हा तीच झाडं. मधूनच एखादं रेनडिअर रस्त्यात उभं राहायचं आणि नवरा इंजिन बंद करून त्याची मर्जी होईपर्यंत थांबायचा. मी विषय काढला की मात्र त्याला लगेच नकाशा बघायचा असायचा. माझा नुसता संताप होत होता.

त्यात हीटरने त्याला आयतं निमित्त दिलं. दिवसा नीट चालणारा हीटर रात्री बंद पडायचा. सकाळी आत तोंडातून वाफ निघायची. वर आणखी एक भानगड. कॅम्परमध्ये एक झडप असते, आत फार गारठा झाला की पाइप फुटू नयेत म्हणून ती सगळं पाणी खाली सोडून देते. म्हणजे आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर विनवण्या करून भरलेली टाकी सकाळी रिकामी आणि गाडीखाली बर्फाची लादी. दोन सकाळी हेच. दात घासायला बाटलीतलं पाणी, अंघोळीचं तर नावच नको.

नवरा चिपची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याने लॅपटॉप उघडला, तासागणिक तापमान लिहिलं, थर्मोस्टॅटवर संशय घेतला, मग बॅटरीवर. कॅम्पर भाड्याने देणाऱ्या माणसाला फोन केला. त्या माणसाने डच थंडपणाने एवढंच विचारलं की गॅस चालू आहे ना. नवऱ्याला अपमान वाटला. त्याने जाऊन पाहिलं, गॅस चालू होता. सकाळचा चहा मीच नुकता केला होता.

तिसऱ्या सकाळी तो माझ्या आधी उठला, हीटरवर कुठला एरर येतो ते बघायला. मला जाग आली तेव्हा तो ओट्याखालच्या कपाटासमोर उकिडवा बसला होता. कपाटात तीन नॉब होते, शेगडीचा, फ्रिजचा आणि हीटरचा. तिन्ही बंद.

"हे कुणी बंद केले?"

मीच केले होते. रोज. आमच्याकडे रात्री ओटा पुसला की सिलिंडरचा नॉब बंद करायचा, मग दिवा. आई अजूनही अंथरुणातून उठून एकदा बघून येते. नायमेखनच्या घरात शेगडी विजेची आहे, अकरा वर्षांत मी सिलिंडरला हात लावलेला नाही. पण कॅम्परमध्ये गॅसचा ओटा दिसला आणि पहिल्या दिवसापासून हात आपोआप कपाटात गेला. कुठला नॉब कशाचा, हे बघायचंही मला सुचलं नाही. सकाळी चहासाठी तिन्ही उघडत होते, म्हणून त्याच्या तक्त्यात काही बसत नव्हतं.

मला हसू फुटलं. तो हसला नाही. पायात घालायचा राहिलेला मोजा हातात धरून बसून राहिला.

"अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "तुझा हात अजून तिकडेच आहे."

"वर्षभर दुसरं काय सांगतेय मी?"

"माझा नाही. मी नाही येणार परत. मला हे गेल्या वर्षीच माहीत होतं."

एवढंच वाक्य. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून सांगता आलं असतं. वर्षभर मी आई-बाबांना "ठरतंय, ठरतंय" म्हणत खेळवत राहिले होते. मला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. मी त्याच्या हातात पातेलं दिलं आणि बर्फ आण म्हटलं, कारण चहाला पाणी नव्हतं. त्याने आणला. पातेलंभर बर्फाचं जेमतेम कपभर पाणी झालं. पुन्हा आणावा लागला. चहा पिताना आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो.

दुपारी एका गावात मोबाइलला रेंज आली. नवरा टाकीत पाणी भरत होता. मी आईला फोन लावला आणि सांगितलं की ठरलं, मी येतेय.

आईने विचारलं, "एकटीच ना?"

म्हणजे हे पुण्यातही माहीत होतं. मलाच तेवढं समजून घ्यायला इतक्या लांब यावं लागलं.