तालमीच्या मातीचा हात

मला मालिशवाला व्हायचं व्हतं. शिकायच्या जागा दोनच, हिंगोलीतला न्हावी नायतर कळमनुरीच्या तालमीतला उस्ताद. न्हावी म्हणला, आधी दाढी करायला शिक. एवढी तकलीफ काहून घ्यायची म्हणून मी शहाण्यानं उस्ताद धरला. त्यानं वर्षभर हाताला तेल लागू देलं न्हाई. रोज फावड्यानं आखाड्याची माती खणायची, ताक-हळद टाकून कालवायची. हाताला घट्टे पडले, डोस्कं फिरून जायचं.

शेवटी एक पैलवान माझ्यापुढं पालथा झाला. हात फिरवला तसा वरडला, "उस्ताद, ह्याचे हात हायेत का बैल घासायचा खरारा?"

उस्ताद म्हणले, "उठ बाबा, तू मातीच कालव."

चिडून घरी आलो, बैलाच्या पाठीवर हात फिरवला. त्यानं सुखानं डोळे मिटले. मला गिऱ्हाईक भेटलं ते तेवढंच.