सरकारी रस्त्यावरून काढलेले फोटो

नव्वदच्या दशकात पेणला माझा फोटो स्टुडिओ होता. खाडीकडच्या मिठागरांत मीठ गंजासारखं लाल पडायला लागलं, तेव्हा मिठागरवाल्यांनी मला बोलावून नेलं. शेजारच्या कंपनीच्या पाईपातून खाडीत पाणी पडत होतं. मी डांबरी रस्त्यावर उभा राहून त्या पाईपाचे फोटो काढले.

कंपनीचा वॉचमन धावत आला. "फोटो काढायचा नाय."

माझं डोकंच फिरलं. "का नाय? रस्ता सरकारी हाय. तुमच्या हद्दीत पाय तरी टाकला का मी? रस्त्यावरून जे दिसतं त्याचा फोटो कोणीपण काढेल."

तो भांडला नाही. केबिनमधून एक छोटा कॅमेरा घेऊन आला आणि शांतपणे माझाच फोटो काढला. "व्हय, रस्ता सरकारीच हाय," एवढंच म्हणाला. जिंकल्यासारखा मी घरी आलो.

महिन्याभरानं चुलतभाऊ आला. तो रोह्याहून त्याच कंपनीत कंत्राटावर शिफ्टला यायचा. समोरच्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"दादा, गेटच्या केबिनमध्ये तुझा फोटो लावलाय."

"लावू दे की!"

"त्याच्या बाजूला तुझ्या घराचा पण हाय. वहिनी दारात बसून तांदूळ निवडतेय."

आमचं दार रस्त्यावरच उघडायचं आणि दिवसभर उघडंच असायचं. फोटो रस्त्यावरूनच काढला होता. आमच्या हद्दीत कोणी पायसुद्धा टाकला नव्हता.