ट्यूब कापणारी बहीण

१२ मार्च रोजी चपलांच्या दुकानातल्या विक्रेत्याला एका मासिकाकडून चारशे पंचाहत्तर रुपये मानधन मिळालं. पन्नाशी ओलांडल्यावर छापून आलेली त्याची ही पहिलीच गोष्ट.

आधीच्या दोन गोष्टी संपादकांनी साभार परत पाठवल्या होत्या. 'माणसं जिवंत वाटत नाहीत' एवढाच शेरा. मग त्याने डोकं चालवायचं सोडलं आणि थोरल्या बहिणीला जशीच्या तशी उचलून गोष्टीत ठेवलं. पाहुणा खुर्चीतून पुरता उठायच्या आत पंखा बंद करणारी, संपलेली टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापून आतलं खरवडणारी. नाव तेवढं बदललं.

छापून आल्यावर मात्र त्याला ताईची धास्ती वाटू लागली. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं होतं. तिने बोलणं टाकलं, तर त्याला 'अरे' म्हणणारं माणूसच उरणार नव्हतं. दोन रविवार तो तिच्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या रविवारी तिचाच फोन आला.

"आहेस की गेलास?"

तो गेला. मासिक टेबलावरच होतं.

"वाचली," ताई म्हणाली. "मावशी अगदी हुबेहूब उतरली आहे. मेली अशीच चिकट होती."

त्याच्या जिवात जीव आला. "मावशीच ती," तो घाईघाईने म्हणाला.

"पण एक पटलं नाही. बाई एवढी कवडीचुंबक, तोंडात कधी गोड शब्द नाही. मग तो भाऊ दर रविवारी तिच्याकडे मरायला कशाला जातो?"

"जातो आपला."

"आपला म्हणजे? काही कारण नको? लेखक कोण, तू की मी?"

त्याने आणखी चहा मागितला.

"आधी कपातला संपव," ताई म्हणाली.

निघताना तो खुर्चीतून अर्धवट उठला, तोच पंखा बंद झाला. दारात तो चपला घालत असताना ताई म्हणाली, "आणि हे बघ, कात्रीने ट्यूब चेपते. मी ब्लेडने कापते. पुढच्या वेळी नीट लिही."

त्याचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"अंकाचे चाळीस रुपये झाले. लेखकाच्या बहिणीला अंक विकत घ्यावा लागतो! रविवारी येशील तेव्हा आण."

पुढच्या रविवारी तो गेला. पाकीट घरी राहिलं होतं. तेव्हापासून त्याचा एकही रविवार चुकलेला नाही. चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.